सासूबाई शांत, मुलगा बूट घालून झोपतो

सांगलीच्या गावभागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचा सारांश देते आहे.

त्यांचं वय 43. घरात 74 वर्षांच्या सासूबाई, 47 वर्षांचे यजमान, 18 वर्षांची मुलगी आणि 10 वर्षांचा मुलगा. यजमानांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत घरात आणि दुकानात पाणी शिरलं. त्या लिहितात: "सासूबाई पहिल्या दिवसापासून शांत. पाणी उतरलं तशा पदर खोचून गाळ काढायला लागल्या. रात्री गाढ झोपतात. कधी कधी मला त्यांचा रागच येतो, यांना काही वाटतच नाही का? मुलगा मात्र पाऊस वाढला की अजून दप्तर कपाटावर ठेवतो, बूट घालून झोपतो, 'आयर्विनला किती फूट?' (आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल, पुराची पातळी तिथे मोजतात) असं दिवसातून दहा वेळा विचारतो. सगळे म्हणतात, लहान आहे, विसरेल. चार वर्षं झाली. मुलीची काळजी नाही, ती समजूतदार आहे. यजमान पावसाळाभर कुणाशी धड बोलत नाहीत. पुण्याचे मोठे दीर म्हणतात, आईचं वय झालं, आता तिला हे झेपणार नाही, तिला कायमची इकडे पाठवा. सासूबाई हलायला तयार नाहीत. मी कुणाचं ऐकू? माझं काही नाही, मी फक्त रात्री दोन-तीनदा उठून मोबाइलवर पातळी बघते."

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि घरातल्या कुणाच्या वाट्याला किती ओळी आल्यात ते मोजलं. सासूबाईंना सगळ्यात जास्त. मग मुलगा. मग दीर आणि पुणं. यजमानांना एक ओळ, मुलीला एक. तुमच्या वाट्याला अगदी शेवटची, तीसुद्धा 'माझं काही नाही' अशी सुरू होणारी. त्या ओळीकडे मी येणार आहेच. आधी तुम्ही जे विचारलंय ते.

तुम्हाला सल्ला देणाऱ्या सगळ्यांच्या बोलण्यात एकच हिशेब दिसतो. म्हातारं माणूस खचणार, कारण त्याच्या अंगात त्राण उरलेलं नाही. मूल विसरणार, कारण ते लहान आहे. मधली माणसं निभावून नेणार, कारण ती धडधाकट आहेत. हा हिशेब आपण इतक्या वेळा ऐकलेला असतो की तो तपासून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. तुमच्या घरात तो तिन्ही ठिकाणी चुकला आहे, आणि मला वाटतं तुमचा गोंधळ तिथूनच सुरू झाला. सासूबाई ठरल्याप्रमाणे खचल्या नाहीत म्हणून त्या तुम्हाला निगरगट्ट वाटल्या. मुलगा ठरल्याप्रमाणे विसरला नाही म्हणून त्याच्यात काही खोट आहे की काय अशी धास्ती वाटली. आणि तुम्ही ठरल्याप्रमाणे निभावत आहात असं वरून दिसतं, म्हणून तुमच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

फ्रॅन नॉरिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली निरनिराळ्या देशांतल्या आपत्तींवरचे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. त्या अभ्यासांतल्या माणसांची बेरीज 60 हजारांवर जाते. त्यात शाळकरी मुलांना मोठ्या माणसांपेक्षा जास्त त्रास झालेला दिसला, आणि मोठ्यांमध्ये बहुतेक ठिकाणी सगळ्यात जास्त पोळलेली माणसं निघाली ती मधल्या वयाची. वृद्ध नव्हेत. याच मंडळींनी तीन आपत्ती शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा तर आणखी गंमतीची गोष्ट पुढे आली. 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर अमेरिकेत मधल्या वयाच्या लोकांना सर्वांत जास्त त्रास झाला होता. 1997 च्या पॉलिना चक्रीवादळानंतर मेक्सिकोत तो तरुणांना झाला होता. आणि त्याच वर्षी पोलंडमध्ये महापूर आला, तिथे वृद्धांना. तीन देश, तीन निरनिराळी उत्तरं. म्हणजे वय पाहून कोण खचेल हे सांगता येत नाही. त्या समाजात, त्या घरात, त्या वयाच्या माणसाच्या अंगावर काय काय येऊन पडतं, ते बघावं लागतं.

म्हणून तुमच्या घराकडे बघताना मी दोन प्रश्न विचारते. पाणी चढत होतं तेव्हा कुणाच्या हातात काय होतं? आणि पाणी उतरल्यावर कुणाच्या डोक्यावर काय आलं?

सासूबाईंपासून सुरुवात करू. त्या 74 वर्षांच्या आहेत. याच भागात वाढल्या असतील तर 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. 1972 च्या दुष्काळात बहुधा नव्या नवरी. 2005 च्या महापुरात पन्नाशी ओलांडलेल्या. पाणी येतं, चार-आठ दिवस राहतं, उतरतं, मग गाळ काढायचा, भिंती वाळवायच्या, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्यांना शेवट माहीत आहे. तुमच्या मुलाला 2019 मध्ये चौथ्या वर्षी आणि 2021 मध्ये सहाव्या वर्षी तो माहीत नव्हता. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 1984 च्या पुरानंतर वयस्क लोकांची पाहणी झाली होती. ज्यांनी आधी पूर पाहिलेला होता त्यांच्या मनातली धास्ती या पुराने फारशी वाढली नव्हती. पहिल्यांदाच पुरात सापडलेल्यांची वाढली होती.

आणखी एक आहे, आणि ते कोणत्या पाहणीत सापडणार नाही. तुमच्या सासूबाईंना चढतं पाणी दोन अर्थांनी ठाऊक आहे. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात उत्तरेकडून शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याची लोक वाट बघत असतात. नदीची ओटी भरायची, तिला माई म्हणायचं, आणि तिचं पाणी उंबऱ्याशी आलं की धान्याची पोती माळ्यावर टाकायची, हे सगळं त्यांच्या एकाच मनात नांदतं. तुमच्या मुलाला चढत्या पाण्याचा एकच अर्थ माहीत आहे.

तेव्हा त्यांची शांतता खरी आहे. ती सोंग नाही आणि दगडी काळीजही नाही. फक्त तिचं सगळं श्रेय वयाला देऊ नका. यजमानांना एकदा विचारून बघा, 2005 मध्ये आई अशीच शांत होती का? तेव्हा घर सासूबाईंच्या हातात होतं. रेशन, पैसे, कागदपत्रं, येणारे-जाणारे, सगळं त्यांच्याकडे. मला शंका आहे की त्या वेळी त्याही रात्री उठून बसत असतील. 2019 पर्यंत तो भार तुमच्याकडे आलेला होता. त्यांची झोप काही अंशी तुमच्या जागरणावर उभी आहे. हे त्यांच्याविरुद्ध म्हणत नाही मी. घर चालतं ते असंच. पण तुमच्या रागाचं मूळ मला तिथे दिसतं, आणि तो राग आला म्हणून स्वतःला वाईट सून ठरवू नका.

त्यांच्या शांततेची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती जिवाशी येऊ शकते. अनुभवी माणूस मागच्या खुणेवर विसंबतो. 2005 चं पाणी जिथवर आलं होतं त्याच्या वर येणार नाही, या भरवशावर 2019 मध्ये अनेक माणसं घरातून हलली नाहीत. आणि त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, म्हणजे 2005 पेक्षा तीन-साडेतीन फूट जास्त. मन घट्ट असलं तरी शरीर त्या वयाचंच असतं. 2005 च्या कतरिना वादळात लुईझियाना राज्यात जे मेले त्यांतले जवळजवळ निम्मे 75 वर्षांवरचे होते. जपानमधल्या 2011 च्या त्सुनामीत बळी गेलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश साठीपुढचे. म्हणून सासूबाईंच्या बाबतीत काळजी करायची ती त्यांच्या गुडघ्यांची, रक्तदाबाच्या गोळ्यांची, अंधारात ओल्या पायरीवरून उतरण्याची. त्यांना आधी हलवायचं, पाणी गल्लीच्या तोंडाशी येण्याची वाट बघायची नाही, दिवसाउजेडी हलवायचं. पंधरा दिवसांच्या गोळ्या, चष्मा, कवळी, डॉक्टरांची चिठ्ठी हे एका पिशवीत आजच भरून ठेवा. आणि एवढं लक्षात असू द्या की त्या पिढीतल्या बायका 'मन उदास आहे' असं म्हणत नाहीत. 'तोंडाला चव नाही', 'अंग मोडून येतंय', 'देवळात जाऊ नये वाटतं' असं म्हणतात. असं काही दोन-तीन आठवडे सलग कानावर आलं तर ते नुसतं वयाचं दुखणं समजू नका.

आता दिरांचा प्रस्ताव. त्यांची माया खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण 'कायमची' हा शब्द मला खटकला. 1995 च्या कोबे भूकंपानंतर जपानमध्ये तात्पुरती घरं सोडत काढून वाटली. वृद्धांना आधी दिली, चांगल्या हेतूने. पण त्यामुळे जुनी गल्ली, जुने शेजारी सुटले, आणि मग त्या घरांतून एकट्याने मरून पडलेली, कित्येक दिवसांनी सापडलेली म्हातारी माणसं निघू लागली. तिथे अशा मरणाला वेगळा शब्दच आहे. 2011 नंतर तिथल्याच इवानुमा नावाच्या शहरात वृद्धांचा अभ्यास झाला. शेजाऱ्यांसकट एकत्र हलवलेल्यांचं येणं-जाणं टिकलं, सुटं सुटं हलवलेल्यांचं आटलं. आपल्याकडे किल्लारीच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. पक्की घरं मिळाली, पण ती शहरासारख्या लांबरुंद, सरळ रस्त्यांवर विखुरलेली. दाटीवाटीच्या जुन्या गल्लीत ज्यांची दुपार ओट्यावर जायची त्या माणसांना शेजारच लांब गेला.

तुमच्या सासूबाईंचा घट्टपणा त्यांच्या हाडांत नाही, त्या गावभागात आहे. समोरची मैत्रीण, गणपतीचं देऊळ, भाजीवाली, गाळ काढताना मदतीला येणारी पोरं. पुण्याच्या सातव्या मजल्यावर त्या पुरापासून सुरक्षित राहतील आणि दुसऱ्याच कशाने तरी झिजतील. म्हणून दिरांना असं सांगून बघा: जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत आई तुमच्याकडे, गणपतीला परत. परतीचं तिकीट आधी काढायचं, आणि ते आईंच्या हातात द्यायचं. तेही नको असेल तर सांगलीतच उंचावर, विश्रामबागेकडे किंवा मिरजेला कुणी नातलग असतील तर ते घर आधी बोलून ठेवा. जमलं तर समोरच्या मैत्रिणीसकट. आणि हे त्यांच्यासमोर बसून ठरवा. फोनवर दोन भावांत ठरवून त्यांना नुसतं कळवलं, तर कोणतंही स्वाभिमानी माणूस नाहीच म्हणेल.

मुलाकडे येते. ताई, त्याच्या बुटांबद्दल वाचलं आणि मी थांबले. विचार करा, दहा वर्षांचं मूल बूट घालून का झोपतं? कारण त्याने स्वतःची तयारी केली आहे. घरातल्या मोठ्यांची तयारी काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून त्याने एकट्याने जमेल तशी केली. दप्तर वर, पायांत बूट. मला त्यात भीती दिसते तशी अक्कलही दिसते. त्याला हसू नका आणि बूट जबरदस्तीने काढू नका.

मुलं विसरतात हे अर्धं खरं आहे. 1972 साली अमेरिकेत बफेलो क्रीक इथे खाणीचं एक धरण फुटून 125 माणसं गेली. ती आपत्ती माणसाच्या चुकीची होती, पण पाणी ते पाणीच. दोन वर्षांनंतर तपासलेल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांत आघाताची ठळक लक्षणं होती. सतरा वर्षांनी त्यांच्यातल्याच अनेकांना पुन्हा भेटले तेव्हा ते प्रमाण 7 टक्क्यांवर आलेलं होतं. बहुतेक मुलं सावरतात. पण मधली ती वर्षं कुणीतरी त्यांच्यासोबत काढलेली असतात. नुसतं 'विसरेल' म्हणून सोडून दिलं की मूल भीती विसरत नाही, ती बोलून दाखवायची विसरतं.

तुमच्या मुलाचा प्रश्न मात्र अजिबात वेडा नाही. पावसाळ्यात अख्खी सांगली एकमेकांना तेच विचारते, आयर्विनला किती फूट? कृष्णेचा पूर भूकंपासारखा झोपेत गाठत नाही. तो फुटाफुटाने, इंचाइंचाने चढतो. कोयनेतून किती सोडलं, वारणेला किती आहे, हे ऐकत माणसं चार-चार दिवस ताटकळतात. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा छळ. मोठ्यांना त्या आकड्याचा अर्थ कळतो. मुलाला नुसता आकडा ऐकू येतो आणि आईचा चेहरा दिसतो.

म्हणून आकड्याला अर्थ द्या. एका रविवारी त्याच्यासोबत बसून पुठ्ठ्यावर एक पट्टी काढा. 40 फूट, इशारा पातळी. 45 फूट, धोका पातळी. मग आपल्या गल्लीत पाणी कितीला येतं ते आजीला विचारून त्याने लिहायचं. उंबऱ्याला कितीला, तेही. आणि गल्लीच्या आणि उंबऱ्याच्या आकड्यांच्या बऱ्याच खाली, लाल रंगाने, 'आपण निघतो' असा एक आकडा. तो तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवायचा, आणि एकदा ठरला की त्यावर वाद नाही. आजीचाही नाही, बाबांचाही नाही. आयर्विनला तेवढी पातळी झाली की आपण कुलूप लावतो. मग रात्री पाऊस कोसळत असताना मुलगा विचारेल 'किती फूट?', तेव्हा तुम्हाला 'काही होत नाही, झोप' असं म्हणावं लागणार नाही. तसं म्हणूही नका. ते 2019 ला म्हटलं होतं आणि पाणी आलं होतं, हे त्याला आठवतं. तुम्ही म्हणाल, 'एकतीस. आपल्या आकड्याला अजून खूप अवकाश आहे. उद्या सकाळी आठला आपण दोघं मिळून बघू.' दिवसातून दोन वेळा, ठरलेल्या वेळी, दोघांनी मिळून. मध्ये नाही.

बुटांना जागा द्या: दारापाशी, त्याच्या पिशवीजवळ. पिशवी त्याने भरायची, त्यात त्याला हवी ती एक वस्तू त्याची स्वतःची. तयारी दारात उभी आहे असं दिसलं की पाय हळूहळू मोकळे होतील. एका रात्रीत होणार नाहीत. त्या दिवसांबद्दल बोलायला त्याला भाग पाडू नका, पण तो बोलू लागला तर विषयही बदलू नका. बूट का, हे एकदा सहज विचारा. कदाचित त्या दिवशी नावेत चढताना अनवाणी होता एवढंच असेल. कदाचित तुम्हाला कुणालाच माहीत नसलेलं काही असेल.

अशा घरांतल्या इतर आयांसाठी एक-दोन गोष्टी इथेच सांगते. पाच वर्षांखालचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, पदर सोडत नाही. शाळकरी मूल तोच पूर खेळात पुन्हा पुन्हा आणतं, नाहीतर पोटदुखी काढून शाळा चुकवतं. आपत्तीनंतरचे पहिले काही आठवडे हे चालायचंच. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा जागेवर येत नसेल, तर वाट बघू नये. ताई, तुमच्या मुलाला चार वर्षं झाली आहेत. पट्टी, पिशवी हे सगळं कराच, पण या पावसाळ्याआधी त्याला एकदा मुलांच्या समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. तिथवर जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक 14416. ती तुमच्यासाठीही आहे.

मुलीबद्दल तुम्ही लिहिलंय, समजूतदार आहे. 2019 ला ती बारा वर्षांची होती. धाकट्याला कुणी सांभाळलं? मोबाइल चार्ज कुणी ठेवले, आजीचा हात कुणी धरला? समजूतदार मुलांना कुणी काही विचारत नाही आणि तीही काही मागत नाहीत. तिला काम सांगण्याआधी एकदा नुसतं फिरायला घेऊन जा.

यजमानांचं दुकान कागदाचं. भांड्यांचं दुकान धुऊन पुन्हा मांडता येतं, भिजलेल्या वह्या रद्दीतही कुणी घेत नाही. दोन वर्षांच्या अंतराने दोनदा. पंचनामा, अर्ज, बँक, हप्ते, आणि दर जूनला शाळा सुरू होताना माल भरायचा की नाही हा पेच, कारण मालाचा हंगाम आणि पुराचा हंगाम पाठोपाठ येतात. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ 'माझ्यामुळे घर बुडालं' असा काहीतरी असावा असं मला वाटतं. त्यांना 'बोला ना, काय होतंय' असं विचारून फारसं काही निघणार नाही. दुकानाचा विमा पुराला लागू आहे का, जुलैआधी खालच्या फळ्यांवरचा माल कुठे हलवायचा, किती फुटांना हलवायचा, हे सोबत बसून लिहून काढा. हाताला काम असलं की पुरुषांची तोंडं उघडतात, निदान माझ्या पाहण्यात तरी. मात्र दारू वाढली, किंवा 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशा अर्थाचं एकदा जरी बोलले, तर त्याच दिवशी मदत घ्या.

आता ती शेवटची ओळ.

1983 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात मोठा वणवा पेटला. अलेक्झांडर मॅकफार्लेन या मानसोपचारतज्ज्ञाने तिथल्या शेकडो शाळकरी मुलांचा 26 महिने पाठपुरावा केला. मुलाने आग किती जवळून पाहिली यापेक्षा नंतर त्याची आई कशी होती यावरून त्या मुलाच्या त्रासाचा अंदाज अधिक नेमका येत होता. हे लिहिताना माझा हात अडखळतो, कारण आयांना दोष द्यायला आपल्याकडे निमित्त लागत नाही. मी दोष देत नाही. मी उलट सांगते आहे. तुमची झोप हे या घरातल्या मुलाचं औषध आहे, आणि ते औषध तुम्ही चार वर्षं कुणाला मागितलेलं नाही. रात्री दोनदा-तीनदा उठून तुम्ही मोबाइलवर पातळी बघता तेव्हा खोलीत उजेड पडतो. बूट घातलेला मुलगा जागा असतो, ताई. त्याला तो उजेड दिसतो.

तुम्ही 43 वर्षांच्या. वर सासूबाई, खाली मुलं, शेजारी गप्प झालेला नवरा, दुकानाचं कर्ज, दिरांचे फोन. अमेरिकेतल्या अँड्र्यू वादळानंतर मधल्या वयाची माणसं सगळ्यात जास्त का पोळली, याचं स्पष्टीकरण मला तुमच्या पत्राइतकं स्पष्ट दुसरीकडे सापडलं नाही. 'माझं काही नाही' हे वाक्य तेवढं खोडून टाका. झोप तुटणं, छातीत धडधडणं, पावसाचा आवाज वाढला की हातातलं काम सुचेनासं होणं, हे होत असेल तर तो आजार म्हणून सांगण्यासारखा त्रास आहे आणि त्यावर उपचार आहेत. मुलाला दाखवायला न्याल तेव्हा स्वतःचाही कागद काढा.

रात्रीची पातळी बघायची पाळी लावा. खरोखर पातळी वाढत असेल तेव्हाच, आणि एक रात्र तुम्ही, एक रात्र यजमान. मुलगी अठराची आहे, तिची इच्छा असेल तर तिसरी रात्र तिची. ज्या रात्री तुमची पाळी नाही त्या रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत.

आणि सासूबाईंशी बोला. राग आहे म्हणूनच बोला. त्या पट्टीवर गल्लीचा आकडा लिहायला मुलगा त्यांच्याकडे जाईल तेव्हा तुम्हीही जाऊन बसा. 2005 ला घरात पाणी आलं तेव्हा पहिल्या रात्री त्यांना झोप लागली होती का, हे विचारा. कोयनेच्या भूकंपात त्या कुठे होत्या, कुणी त्यांचा हात धरला होता, हे मुलाला त्यांच्या तोंडून ऐकू द्या. त्यांना शेवट माहीत आहे, तो त्याला त्यांच्याकडूनच कळू शकतो. गोष्ट मध्यावर आली की तुम्हाला कुकर लावायची आठवण होईल. उठू नका. त्या दिवशी यजमानांना लावू दे.